यादीत नसलेली डबी

घोटा मोडला तेव्हा चिमणी जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर होती, आणि जिना संपला अशी तिची पक्की खात्री होती. एवढ्या खात्रीने टाकलेलं पाऊल वाया जात नाही. हाड दोन ठिकाणी मोडलं.

चिमणी हे घरातलं नाव. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून पडलं, आणि पुढे ती दारातून वाकून आत येण्याइतकी उंच झाली तरी कुणी बदललं नाही. बाहेर तिला मॅडम म्हणत. एका मोठ्या कंपनीचे दोनशे सर्व्हर तिच्या हाताखाली होते, आणि एखादा कुरकुरला तर ती नुसती खोलीत आली तरी तो सुरळीत चालायला लागतो, अशी तिच्या माणसांत थट्टा होती. पण तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. म्हणून प्लास्टर निघेपर्यंत दादाने तिला आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं.

दादाचं औषधांचं दुकान. वहिनी मुद्रितशोधक, छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका काढणं हे तिचं काम. गेली एकतीस वर्षं ती हातात पट्टी घेऊन एकेका ओळीखाली सरकवत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा चिमणी शाळेत होती, आणि चिमणीच्या वहीतल्या वेलांट्या पहिल्यांदा तिनेच सुधारल्या होत्या.

दुपारचं ऊन वहिनीच्या कामाच्या खोलीत चांगलं येई. म्हणून चिमणीची खुर्ची तिथे मांडली, पायाखाली स्टूल दिलं. टेबलावर कागदांचे गठ्ठे, खिडकीशी एक जुना संगणक, आणि त्याच्या शेजारी काळ्या धातूची एक डबी होती. जाड शब्दकोशाएवढी, वर कंगव्यासारखे दाते. तिला एक पडदा आणि कीबोर्ड जोडलेला होता.

"वहिनी, हे काय मांडलंयस?"

"हायपरव्हायझर घालतेय," वहिनी म्हणाली. उशीला अभ्रा घालतेय, अशा सुरात.

चिमणी हसली. मग वहिनी हसत नाही असं पाहून थांबली.

हायपरव्हायझर म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या पोटात दोन-चार खोटी यंत्रं बिऱ्हाडकरूंसारखी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवणारा कारभारी. प्रत्येकाला वाटतं, घर आपलंच आहे. चिमणीच्या कंपनीत हे रोजचंच होतं. पण तिथली यंत्रं कपाटाएवढी, आणि त्यांच्या पंख्यांच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे.

वहिनीचं गाडं कुठे अडलं होतं ते तिने सांगितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त नर्सबाईंनी, म्हणजे सिस्टरांनी, पूर्वी तान्ह्या बाळांच्या निगेवर पुस्तक लिहिलं होतं. त्याची दुसरी आवृत्ती निघायची होती. पहिली आवृत्ती ज्या छापखान्यात झाली तो बंद पडला. उरल्या त्या वहिनीच्या जुन्या संगणकातल्या फाइली, जुन्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या फाँटमध्ये. नव्या संगणकावर त्या उघडल्या की 'बाळ'च्या जागी डॉलर, कंस आणि कुठलीकुठली उपटसुंभ चिन्हं दिसत. आणि तो जुना संगणक आता सुरू व्हायला पंधरा मिनिटं घेई, मधेच कण्हे, आणि पान उलटताना मान टाकी.

"त्याचा जीव आहे तोवर त्याला जसाच्या तसा उचलून या डबीत ठेवायचा," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या खोलीत घरचे फोटो, हिशेब, माझी कामं. एकाचा दुसऱ्याला त्रास नाही."

"ही डबी आणली कुठून?"

"दुकानाशेजारचा डोळ्यांचा दवाखाना उठला, त्यांनी टाकून दिली. दादा उचलून घेऊन आला. हिला पंखाच नाही बघ. श्वास घेतल्याचाही आवाज नाही. मला वाचताना आवाज चालत नाही, तुला माहितीये."

चिमणीने लॅपटॉप उघडून हायपरव्हायझर बनवणाऱ्यांनी दिलेली यादी पाहिली. कुठल्या यंत्रांवर हा हायपरव्हायझर चालतो त्याची लांबच लांब यादी होती. डबीचं नाव तीत नव्हतं. तिच्यातल्या बारीकशा प्रोसेसरचं नव्हतं, बोर्डावरच डाग देऊन बसवलेल्या डिस्कचंही नव्हतं.

"यादीत नाही," तिने निकाल दिला. "सोडून दे. मी चांगलं मशीन पाठवायला सांगते."

"यादीत नाही, म्हणजे चालत नाही असं लिहिलंय?"

"तसं नाही... लिहिलंय की, तपासलेलं नाही."

"मग ते वेगळं वाक्य झालं," वहिनी म्हणाली आणि पट्टी उचलून पुन्हा पडद्याकडे वळली.

पडद्यावर एकच ओळ होती. हायपरव्हायझर बसवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इन्स्टॉलर, सांगत होता की डिस्क सापडली नाही. वहिनी गेले चार दिवस याच ओळीपाशी होती. मधल्या काळात तिने सूचनांची शंभर पानी पुस्तिका दोनदा वाचली होती आणि तीत नऊ चुका काढून ठेवल्या होत्या.

पुढचे दोन दिवस चिमणी उंटावरून शेळ्या हाकत राहिली. "ते नको, हे कर." "मी सांगते म्हणून कर." वहिनी ऐकून घेई, वहीत लिहून ठेवी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाही. बदललं, चालू केलं, पाहिलं, लिहिलं, पूर्ववत केलं. मुंगी बरी, असं चिमणीला वाटे. कंपनीत तिच्या शब्दासरशी माणसं धावत.

तिसऱ्या दिवशी वहिनी तपासलेले कागद पोचवायला बाहेर गेली. चिमणी एका पायावर लंगडत टेबलाशी आली, डबी चालू केली आणि तिच्या आतल्या सेटिंगच्या पानांत शिरली. तिची बोटं सवयीची होती. हे बंद, ते चालू, डिस्कची पद्धत जुनी, सुरू होण्याची पद्धत नवी, पडद्याची मेमरी कमी. वहिनी परत येईपर्यंत काम फत्ते झालेलं असेल, हा तिचा बेत. जतन केलं, बटण दाबलं.

पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. तिने पुन्हा बटण दाबलं. डबीवरचा हिरवा दिवा लागला, पण पडद्यावर अक्षर उमटेना. आता सेटिंगच्या पानांतही जाता येईना. आत जायलाच दिसायला हवं होतं, आणि दिसणंच बंद झालं होतं.

वहिनी आली तेव्हा चिमणी खुर्चीत परत बसली होती, पण ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधी जमलं नाही.

"वहिनी, मी हात लावला. बंद पडली."

वहिनीने पिशवी ठेवली. पाणी प्यायली. "किती गोष्टी बदलल्यास?"

"चार. पाच असतील."

"कुठल्या क्रमाने?"

"आठवत नाही गं."

पस्तिशी कधीच ओलांडलेली बाई, दोनशे सर्व्हरांची मालकीण, शाळेतल्यासारखी मान खाली घालून बसली. वहिनी रागावली असती तर बरं, असं तिला झालं. पण वहिनीने कपाटातून एक वही काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

वहीत डबीच्या सेटिंगची सगळी पानं होती. पहिल्या दिवशी, काहीही करण्याआधी, वहिनीने प्रत्येक पडदा हाताने उतरवून घेतला होता. कुठला रकाना, त्यात काय लिहिलंय, कुठे टिंब आहे, कुठे नाही. तेवीस पानं. ज्या शब्दांचा अर्थ लागला नाही त्यांच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह.

"मूळ प्रत जवळ नसताना हात घालायचा नसतो," वहिनी म्हणाली. "आता ती मूळ स्थितीला कशी आणायची तेवढं तू सांग. ते मला ठाऊक नाही."

ते चिमणीला ठाऊक होतं. डबीच्या बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती काढून थोडा वेळ थांबलं की केलेली सगळी सेटिंग पुसली जातात. वहिनीने बारीक पेचकसाने डबी उघडली, चिमणीने बोट दाखवलं, आणि बॅटरी निघाली ती अगदी मेलेली. दादाने संध्याकाळी दुकानातून नवी आणली.

"साखर तपासायच्या मशीनची आहे," तो म्हणाला. "पेशंट कोण आहे? डबी का चिमणी?"

"दोघी," वहिनी म्हणाली.

पडदा उजळला. वही समोर ठेवून वहिनीने पान पान ताडून पाहिलं, आणि एका यंत्रात अनेक यंत्रं थाटायची परवानगी देणारा खटका, जो तिने पूर्वी शोधून चालू केला होता, पुन्हा चालू केला. त्या दिवसानंतर चिमणीने "मी सांगते म्हणून" हे शब्द वापरले नाहीत.

डिस्कचं घोडं मात्र तिथेच पेंड खात होतं. चिमणीने इंटरनेटवरच्या चर्चेच्या जागा धुंडाळल्या. एका गृहस्थाची अशीच डबी होती आणि तिच्यावर हायपरव्हायझर चालत होता. 'थोडी दुरुस्ती केली' एवढंच त्याने लिहिलं होतं. काय केली ते लिहायचे कष्ट घेतले नव्हते. पण त्याची डबी सुरू होताना जे काही बोलते त्या सगळ्याची नोंद त्याने टाकली होती. नऊशे ओळी.

"आपल्या डबीचीही अशी नोंद निघते," चिमणी म्हणाली. "दोन्ही माझ्या लॅपटॉपवर असत्या तर एका क्षणात फरक काढला असता. पण आपली बाहेर काढणार कशी? अजून काही बसलेलंच नाही. ओळी पडद्यावरून पळत जातात."

वहिनीने फोनवर त्या पळणाऱ्या ओळींचं चित्रण केलं. मग चित्रण तुकड्या-तुकड्याने थांबवत दोन दिवस बसून सगळ्या ओळी हाताने कागदावर उतरवल्या आणि त्या गृहस्थाची नोंद दादाकडून छापून आणवली.

"आता आपण वाचू," ती म्हणाली. "तू त्याची वाच, मी आपली बघते. छापखान्यात आम्ही असंच करायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रित बघायचं. एकट्याच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं."

दुपारी दोनला बसल्या. चिमणीने वाचायला सुरुवात केली. आकडे, तिरप्या रेघा, कंस, इंग्रजी अक्षरांचे तुकडे. सुरुवातीला ती घाईत होती. दहाव्या ओळीला वहिनीने पट्टी टेबलावर आपटली.

"स्वल्पविराम खाल्लास."

"त्याने काय फरक पडतो?"

"पडतो की नाही ते शेवटी कळेल. आधीच कसं ठरवणार?"

चिमणी सावकाश वाचू लागली. तासाभराने तिच्या ध्यानात आलं की वीस वर्षांत अशा लाखो ओळी आपल्या नजरेखालून गेल्या, आणि सलग एकही नोंद आपण वाचलेली नाही. लाल अक्षर दिसलं की तिथे उडी मारायची, एवढंच. समोर वहिनी अर्थाचा गंध नसलेल्या मजकुरावरून पट्टी सरकवत होती, आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तिची पेन्सिल थांबत होती. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ते चिमणीने त्या दुपारी पाहिलं. मधेच वहिनी उठून खिडकीबाहेर लांबवर बघून येई, डोळे धुई आणि परत बसे. कंटाळा तिच्या चेहऱ्यावर नव्हता, उत्साहही नव्हता.

सहाशे बाराव्या ओळीला वहिनी म्हणाली, "थांब. ही पुन्हा वाच."

चिमणीने वाचली.

"ही ओळ आपल्याकडेही आहे. तंतोतंत. यात डिस्कचं नाव आहे ना?"

चिमणी कागदावर वाकली. होतं. डबीला स्वतःची डिस्क दिसत होती! नाव, माप, सगळं बिनचूक लिहिलेलं.

"म्हणजे डबीला दिसतेय," वहिनी हळूहळू म्हणाली, "आणि बसवणाऱ्याला दिसत नाही. मग चूक डबीत नाही, बसवणाऱ्यात आहे. त्याची संहिता कुठे मिळेल?"

"संहिता?"

"तो काय वाचून चालतो? त्याचाही काहीतरी लिहिलेला मजकूर असेलच की."

असतो. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरच असतो आणि कुणालाही उघडता येतो. चिमणीने तो कधी उघडला नव्हता, तशी वेळच आली नव्हती. तिची सगळी यंत्रं यादीतली होती. तो बावन्न पानं भरला. वहिनीने तोही कागदावर मागितला, कारण पडद्यावर चूक दिसत नाही असं तिचं ठाम मत होतं. दादा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "छापणारा विचारत होता, घरात कुणी परीक्षेला बसलंय का."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वहिनीने हाक मारली. बत्तिसावं पान तिच्यासमोर होतं.

"हे बघ. मला यातलं काही कळत नाही. पण या तीन ओळी एका साच्यातल्या आहेत. पहिलीत एका जातीच्या डिस्कचं नाव, दुसरीत दुसऱ्या, तिसरीत तिसऱ्या. आणि खाली लिहिलंय, यांतलं काही नसेल तर डिस्क ओळखू येत नाही म्हण आणि थांब. बरोबर?"

"बरोबर."

"आपल्या डिस्कचं नाव या तिन्हींत बसत नाही. इथे चौथी ओळ गळलीय."

तिसऱ्या ओळीखाली तिने पेन्सिलीने हंसपद काढलं होतं, मुद्रितात गळलेला शब्द घालायच्या जागी काढतात ती टोकदार खूण. समासात, वरच्या तीन ओळींच्या चालीवर, चौथी ओळ लिहिली होती. फक्त एक कंस उलटा होता.

चिमणीने पान जवळ ओढून चौथी ओळ वाचली. तिच्या हाताखाली शिकूनसवरून आलेली चौदा माणसं होती. त्यांतल्या एकानेही, तिने स्वतःनेही, हे केलं नसतं. नवं मशीन मागवून मोकळे झाले असते.

"वहिनी, कंस उलटा आहे," ती म्हणाली.

"हो का? कर सरळ," वहिनी खुशीत म्हणाली.

इन्स्टॉलरला मधेच थांबवून त्याचा मजकूर बदलायची एक वाट असते. ती चिमणीने दाखवली आणि चौथी ओळ वहिनीने स्वतः टाइप केली. या वेळी डिस्क सापडली. पडद्यावरची टक्क्यांची पट्टी भरत गेली, शंभराला पोचली, डबी बंद होऊन पुन्हा सुरू झाली, आणि कारभाऱ्याने पडद्यावर आपला पत्ता लिहून दाखवला. वहिनीने वहीत वेळ लिहिली. मग वही मिटून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली.

पण एवढ्यावर भागलं नाही. डबी दिवसातून दोन-तीनदा गोठू लागली. पडदा आहे तिथे, कीबोर्ड मेलेला, बटण दाबून बंद केल्याशिवाय गत्यंतर नाही. चिमणीने नोंदी काढून वाचल्या, आणि आता ती सगळ्या वाचत होती, पण त्यांत चूक कुठेच नव्हती. नीट चाललेली नोंद एकाएकी तुटलेली.

वहिनीने चार दिवस नुसत्या वेळा लिहिल्या. मग म्हणाली, "अकरा वेळा गोठली. मी फाइली भरत असताना एकदाही नाही. प्रत्येक वेळी मी स्वयंपाकघरात नाहीतर तू झोपलेली. हिला काम असलं की ठीक असते. रिकामी बसली की जाते."

"रिकामी बसली की..." चिमणी ताठ झाली. "अगं, ती झोपते! वीज वाचवायला हे छोटे प्रोसेसर रिकामे असले की झोपतात, हलकी झोप, गाढ झोप, आणखी गाढ. काही जातींचे त्या गाढ झोपेतून उठतच नाहीत. मी वाचलं होतं कधीतरी, पण आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिलं होतं."

"मग गाढ झोपायचं नाही म्हणून सांग तिला."

तेही एका ओळीचं काम होतं. ही ओळ चिमणीने लिहिली, आणि वहिनीने ती तपासून दिली. डबी त्यानंतर किंचित कोमट राहू लागली, पण गोठली नाही. एक दिवस नाही, आठ दिवस नाही.

मग जुन्या संगणकाची डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतली. त्याने नऊ तास घेतले, दोनदा कण्हला, पण दिली. डबीच्या पोटात तो पुन्हा सुरू झाला तेव्हा पंधरा मिनिटांऐवजी चाळीस सेकंदांत उठला. वहिनीने जुना प्रोग्रॅम उघडला, सिस्टरांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर 'बाळ' होतं. काना जागच्या जागी, 'ळ' धड. दादा मुद्दाम दुकान बंद करून बघायला आला, आणि या खेपेला त्याला थट्टा सुचली नाही. त्याने नुसता बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

वहिनीने आणखी एक काम केलं, जे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या चर्चेच्या जागी तिने सगळं लिहून टाकलं: डबीचं नाव, काय चाललं, काय चाललं नाही, चौथी ओळ, झोपेची ओळ, आणि बॅटरी कशी काढायची. एके ठिकाणी 'घरातील एका व्यक्तीने एकाच वेळी पाच सेटिंग बदलल्यामुळे' असंही होतं. चिमणीने मजकूर वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि काही न बदलता परत दिला. आठवड्याने त्याखाली उत्तर आलं. कुठल्याशा शाळेच्या कोठारात अशा सात डब्या पडून होत्या. सगळ्या चालू झाल्या होत्या. इतकं स्वच्छ लिहिणाऱ्या इंजिनिअरचे आभार मानले होते.

"इंजिनिअर नाही म्हणून कळव ना," दादा म्हणाला.

"कशाला? आभार बरोबर मानलेत त्यांनी. त्यांच्या वाक्यात एकच चूक होती, ती मी मनात सुधारली."

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी चिमणी निघाली. दादा बाहेर गाडीत बसून होता. निरोप घ्यायला ती कामाच्या खोलीशी आली तेव्हा सिस्टर आलेल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर सुधारणांची चिठ्ठी. त्या आणि वहिनी डबीला जोडलेल्या पडद्याशी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. तापाबद्दलच्या एका वाक्यात 'लगेच' आधी घालायचं की 'डॉक्टरांना' आधी, यावर वाद चालला होता. सिस्टर म्हणत होत्या, रडणारं पोर कडेवर असलेली आई वाक्याचा फक्त पहिला शब्द वाचते. वहिनी म्हणत होती, मग पहिला शब्द 'डॉक्टर' असू दे.

चिमणी दारात उभी राहिली. वहिनीने वर न बघता पट्टी धरलेला हात उचलला. एक मिनिट.

बाहेर हॉर्न वाजला. खोलीत त्या दोघींच्या बोलण्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. चिमणीने बॅग खाली ठेवली, बरा झालेला पाय जपून टेकवला आणि वाक्य कसं ठरतंय ते बघत थांबली.